सातची चाखणी

४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

उभ्यानेच नमस्कार. वाकून करायचा तो तुम्ही माझ्याशी बोलायला लागाल तेव्हा करीन.

तुम्ही हे पत्र वाचणार नाही असं आई म्हणते. मला वाटतं तुम्ही वाचाल, आणि वाचून झाल्यावर घडी तशीच पाकिटात घालून, उघडलंच नव्हतं अशा थाटात टेबलावर ठेवून द्याल. ठेवा. उत्तर येणार नाही हे एकदा धरून चाललं की सगळं खरं लिहिता येतं.

पहिलं खरं हे की मी प्रयोगशाळेत नाही. आई शेजारी तसं सांगते, कारण तिला काहीतरी सांगावं लागतं. मी बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करते. दुपारी तीनशे माणसं जेवतात. मी कांदे चिरते, पातेली घासते, आणि गेल्या आठवड्यापासून मसाला घालायची परवानगी मिळाली आहे. इथल्या मुख्य स्वयंपाकीणबाईंना सगळे हवालदार म्हणतात, अगदी तोंडावर. पहिल्या दिवशी त्यांनी माझं शिक्षण विचारलं आणि म्हणाल्या, "रसायनशास्त्र? बरं झालं. त्या मोरीच्या जाळीत काय साचलंय ते बघून सांग." तेव्हापासून माझं नाव डिग्री. "ए डिग्री, बटाटे सोल." घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही गल्लीभर पेढे वाटावेत तसं सांगत फिरला होतात. ती पदवी आता बटाटे सोलते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

दुसरं खरं. मी आपल्या सॉसेजच्या दुकानातल्या चौदा बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. जिरं, धणे, बडीशेप, मिरी, जायफळ. एवढाच माझा गुन्हा. आजोबांपासून त्या बरण्यांवर कुणी काही लिहिलेलं नाही, कारण "ज्याला वासावरून कळत नाही त्यानं या खोलीत पाऊल ठेवू नये." हे वाक्य मी चालायला लागल्यापासून ऐकते आहे. मी चिठ्ठ्या लावल्या त्या मशीनकाकांच्या सोयीसाठी. वीस वर्षं खिम्याचं मशीन चालवणाऱ्या माणसाला एक बरणी आणून द्यायची तर तुमची वाट बघावी लागते, म्हणून. तुम्ही फडकं ओलं केलंत, एकेक चिठ्ठी भिजवलीत, नखानं खरवडलीत. चौदाही. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "गाडी किती वाजता आहे?"

गाडी नव्हतीच, बाबा. मी कुठे जायचं ठरवलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून मला गाडी शोधावी लागली.

तिसरं खरं, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र. मला दुकान हवंय. गल्ला नको, मसाल्याची खोली हवी. सकाळी सातची चाखणी हवी. लहानपणी मी दप्तरासकट दारात उभी राहायचे ती त्या एका क्षणासाठी. मिश्रण तयार झालेलं असायचं, आतडी पाण्यात भिजत पडलेली, मशीनकाकांचा हात बटणावर. तुम्ही मूठभर मिश्रण तव्यावर भाजायचात, एक घास तोंडात टाकायचात, आणि सगळं दुकान तुमच्या तोंडाकडे बघत थांबायचं. तुम्ही "हं" म्हटलं की मशीन सुरू. मला तो "हं" म्हणायचा आहे. तुम्ही म्हणालात, "तुला शिकवलं ते आतड्यात मांस भरायला नाही." मग कशाला शिकवलंत ते मी ठरवीन.

तुमची,
डिग्री (इथे सवय झाली)


१९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार, अजूनही उभ्यानेच.

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नाही, फक्त सॉसेजची दोन हात लांब माळ, जाड कागदात, वर तुमची ती दुहेरी गाठ. म्हणजे तुम्ही पत्र वाचलंत. आणि हे तुमचं उत्तर आहे: बघ, काही बिघडलेलं नाही.

तर तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते.

हवालदारांनी माळ हातात घेतली, वजन बघितलं, म्हणाल्या, "भरलंय छान. हात मुरलेला आहे." मला उगाच बरं वाटलं. मग आम्ही चवळी शिजत घातली आणि सॉसेज कसं वापरायचं ते ठरवायला बसलो. हवालदारांची एक शिस्त आहे, ती तुम्हाला आवडेल. त्या म्हणतात, सॉसेज हा पदार्थ नसून आतड्यात बांधलेला मसाला आहे. आधी ते काय घेऊन आलंय ते विचारा, मग तुम्ही काय घालायचं ते बोला. निम्मी माणसं सॉसेजमध्ये असलेलीच गोष्ट वरून पुन्हा घालतात आणि मग पाणी पीत बसतात. म्हणून इथे सॉसेज आधी एकटं, थंड तव्यावर, चमचाभर पाण्यात. पाणी आटतं, चरबी सुटते, त्या चरबीत बोट बुडवून चाखायचं. मीठ किती आलंय, धूर किती आलाय, लसूण आहे की नाही, सगळं ती चरबी सांगते. त्यानंतरच कांदा.

मी बोट बुडवलं, बाबा, आणि डोळ्यांतून पाणी आलं. मायेनं नव्हे.

फक्त तिखट. तिखटाच्या मागे काही नाही. धणे नाहीत, जायफळ नाही, ती मिरी जी सगळ्यात शेवटी येते ती आलीच नाही. आम्ही चवळी दुप्पट केली, बटाटे घातले, वरून मीठ अजिबात नाही, तिखट नाहीच नाही, शेवटी थोडा व्हिनेगर, कारण आंबटानं धार बोथट होते. तरी पहिल्या पंगतीतला वेल्डर, जो दिवसभर ठिणग्यांत उभा असतो, तो खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, हे जेवण आहे की मी काही गुन्हा केलाय?"

मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुस्तकातली म्हणून सांगते, तुमची म्हणून नाही. तिखट ही चव नाही. ते भाजणं आहे. जिभेला, ओठांना, हिरड्यांना ते कळतं. खारट, आंबट, गोड, कडू हेही जिभेला कळतं. बाकी सगळं, जिरं आणि धणे आणि बडीशेप यांतला फरक, लसूण कच्चा की भाजलेला, हे नाकाचं काम आहे. नाक बंद असेल तर माणसाला जे कळतं तेच तो वाढवत जातो.

पुस्तकातलं आहे. पुढच्या वेळी तिखट अर्ध्यावर आणा.


११ मार्च

तीर्थरूप बाबा,

तुम्ही तिखट अर्ध्यावर आणलंत.

दुसरं पार्सल उघडल्यावर मी ती माळ तशीच हातात धरून बसले. हवालदार म्हणाल्या, "काय गं, सॉसेज आहे की प्रेमपत्र?" मी म्हटलं, "वडिलांचं आहे." त्या म्हणाल्या, "मग तर जपून."

चाखलं. तिखट अगदी बेतानं. आणि जिऱ्याच्या जागी बडीशेप. थोडीथोडकी नव्हे, जितकं जिरं घालता तितकी सगळी. तुमच्या तिखट सॉसेजमध्ये आयुष्यात बडीशेप पडलेली नाही. आम्ही ते वाया घालवलं नाही. बडीशेपेला कोबी मानवतो, आणि आंबट सफरचंद. कोबी जाड चिरून सॉसेजच्या चरबीत परतला, मिरी घातली, लसूण मुद्दाम टाळला. माणसांनी दोनदा घेतलं. वेल्डर म्हणाला, "आज माफी मिळाली वाटतं." पण ते आपलं सॉसेज नव्हतं, बाबा. कुणीतरी नवीन माणूस तुमचे कपडे घालून आल्यासारखं होतं.

कुटलेली बडीशेप आणि कुटलेलं जिरं दिसायला किती सारखं असतं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

काल आईचा फोन आला. तुमच्या अटी तिनं पाठ केल्यासारख्या सांगितल्या. घरी यायचं. मशीनकाकांसमोर म्हणायचं की चूक झाली. मग त्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतली जागा, जी मी नाकारली होती, ती पुन्हा विचारायची. "एवढं एकदा म्हणून टाक गं," आई म्हणाली, "तोंड झिजतं का?" मी म्हटलं, "आई, तोंडाचाच तर प्रश्न आहे." तिला वाटलं मी उर्मटपणा करते. करत होतेच.

उत्तर: नाही, नाही आणि नाही.

पण पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं आणि ते मला टोचतं आहे. खोट्यावर उभं राहून मान ताठ ठेवता येत नाही, म्हणून सांगते. चिठ्ठ्या मशीनकाकांच्या सोयीसाठी नव्हत्या. मला माहीत होतं. तुमचा तो पंधरा दिवसांचा ताप उतरल्यानंतरची गोष्ट. एका सकाळी तुम्ही दुकानात शेगडीजवळ पेपर वाचत होतात आणि शेगडीवर दूध करपत होतं. मी घरातून वासानं धावत आले. तुम्ही दोन हातांवर होतात. तुम्ही पान उलटलंत. मी गॅस बंद केला आणि तुम्ही म्हणालात, "काय झालं?"

त्यानंतर तीन महिने मी गप्प होते. आणि मग चिठ्ठ्या लावल्या त्या अशा दिवशी, जेव्हा मशीनकाका होते, दोन नेहमीची गिऱ्हाइकं होती. मी तो दिवस निवडला होता. मला वाटलं, सगळ्यांसमोर असलं की तुम्हाला मान्य करावं लागेल. ती माझी चूक होती, आणि तेवढीच होती. एकांतात सांगायला हवं होतं ते मी चौघांत केलं. त्याची माफी मी या कागदावर मागते. चिठ्ठ्या लावल्या याची नाही मागत.


२ एप्रिल

बाबा,

आज नमस्कार वगैरे राहू दे.

तिसरं पार्सल मी फेकून दिलं.

आपल्या दुकानातून निघालेली वस्तू फेकायची म्हणजे काय ते मला कळतं. तुम्ही म्हणाल प्रवासात उकडलं असेल. मीही आधी तेच म्हटलं. पण पार्सल एका रात्रीत आलं, बर्फ तसाच होता, कागद थंड होता. मी सॉसेज मधोमध कापलं आणि हवालदारांच्या नाकाशी धरलं. त्यांनी मान मागे घेतली. कचऱ्याचा डबा पुढे केला. बाहेरून बिघडलं असतं तर बाहेरून लागलं असतं. हे आतून आलं होतं. मांस भरलं त्या दिवशीच उतरलेलं होतं.

तुम्ही मांस कसं बघता? हातात घेता, दाबता, आणि नाकाशी नेता. शेवटचा निर्णय नाकाचा. तीस वर्षं तुम्ही मांस आणणाऱ्या गाडीवाल्याला तोंडावर म्हणालात, "हे परत ने." आजोबांनी तुम्हाला तेच शिकवलं. आता तुम्ही नाकाशी नेता, क्षणभर थांबता, आणि "ठेव" म्हणता. त्या क्षणभरात तुम्हाला काय कळतं, बाबा?

जिऱ्याऐवजी बडीशेप पडली तर लोक तोंड वाकडं करतील. उतरलेलं मांस गेलं तर कुणाचं तरी पोर आजारी पडेल. आपल्या समोरच्या घरातल्या आजी आठवड्यातून दोनदा आपलं सॉसेज नेतात, त्यांच्या नातीला उकडून देतात. मी तुमच्याशी मानपानाचं भांडण भांडत नाहीये. मी त्या नातीसाठी भांडते आहे, आणि तुमच्यासाठी, कारण असं काही झालं तर तुम्ही ते दुकान पुन्हा उघडणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही ते तुमच्या हातानं बंद कराल आणि दारासमोर खुर्ची टाकून बसाल.

रागवा. फोन करून रागवा. मशीनकाकांना मात्र मी आज फोन केला, हे तुमच्यापासून लपवणार नाही. त्यांना म्हटलं, मांस आलं की तुम्हीही वास घ्या आणि नको वाटलं तर मशीन बंद ठेवा. ते म्हणाले, "पोरी, मला वाटलं होतं मला एकट्यालाच कळलंय."


१७ एप्रिल

तीर्थरूप बाबा,

तुम्ही मंगळवारी आला होतात.

तुम्हाला वाटलं असेल मी बघितलं नाही. वाढायच्या खिडकीतून मला आधी टोपी दिसली, मग तुमचा तो उजवा खांदा, जो माळा टांगून टांगून खाली आला आहे. तुम्ही कूपन घेतलंत, रांगेत उभे राहिलात, ताट घेऊन तिसऱ्या टेबलावर जाऊन बसलात. मी कढईमागे गेले. हवालदार म्हणाल्या, "लपतेस कशाला? कुणाचं देणं लागतेस का?" मी म्हटलं, "माझे वडील आहेत." त्या म्हणाल्या, "मग मी वाढते," आणि स्वतः जाऊन तुमच्या ताटात दुसऱ्यांदा वाढून आल्या. हवालदार कुणाच्याही ताटात दुसऱ्यांदा वाढत नाहीत.

तुम्ही भांडायला आला होतात. माझं पार्सल फेकणारी ही कोण, हे विचारायला आला होतात. चेहरा तसाच होता. पण तुम्ही भांडला नाहीत, जेवलात.

त्या दिवशी सॉसेज बाजारातलं होतं, कारखान्यात भरलेलं, आत नुसतं मीठ आणि भुसा. त्याला काय हवं ते मी एकटीनं ठरवलं होतं. चरबीत आधी लसूण, मंद आचेवर, रंग बदलेपर्यंतच. मग धणे भाजून जाडसर कुटलेले. धुरी दिलेलं लाल तिखट, कारण सॉसेजला धूर लागलेलाच नव्हता. लागलेला असता तर मी ते तिखट हातात घेतलं नसतं. तमालपत्र. तांदूळ त्यातच शिजवला. मिरी ताटात वाढताना, वरून. ही शेवटची मिरी तुमची आहे. मी ती तुमच्याकडून न विचारता घेतली.

तुम्ही पहिला घास घेतलात आणि चावणं थांबवलंत. मला वाटलं आता. मग तुम्ही शेजारी बसलेल्या माणसाकडे वळलात, आमच्या वेल्डरकडे, आणि काहीतरी विचारलंत. त्याची तक्रार खिडकीशी असते, कौतुकही खिडकीशीच असतं, म्हणून नंतर त्यानं मला सगळं सांगितलं.

तुम्ही विचारलंत, "याला वास कसला येतोय?"

तो म्हणाला, "लसणाचा. आणि काहीतरी भाजल्याचा, छान. का हो काका, सर्दी झालीय?"

तुम्ही म्हणालात, "हो. सर्दी."

सात महिन्यांची सर्दी, बाबा.

तुम्ही ताट स्वच्छ करून उठलात. खिडकीसमोरून गेलात. मी बाहेर आले असते तर तुम्ही थांबला असतात, हे मला माहीत आहे. मी आले नाही. रडत होते म्हणून नव्हे, जरी रडत होते; तुम्ही आधी हाक माराल म्हणून. तुम्ही आयुष्यात कुणाला असा प्रश्न विचारला नव्हतात. तुम्ही तो एका परक्या माणसाला विचारलात, ज्याचं नावसुद्धा तुम्हाला माहीत नाही. त्यानं काही तुमची खोली मागितली नव्हती, म्हणून विचारलात. आणि मी, जिला तुम्ही मांडीवर बसवून जायफळ आणि जायपत्रीतला फरक शिकवलात, मी कढईमागे उभी.

मला विचारा. तो प्रश्न माझा आहे. तुम्ही तो चुकीच्या टेबलावर विचारलात.


२८ एप्रिल

तीर्थरूप बाबा,

पार्सलात पहिल्यांदा चिठ्ठी आली. तुमचं अक्षर, अर्धी ओळ: "मीठ बरोबर आहे का?"

मी ती चिठ्ठी हवालदारांना दाखवली. त्या म्हणाल्या, "झालं की. म्हातारा वाकला. जा घरी." मी म्हटलं, "नाही. हा वाकलेला नाही, हा मला फसवतोय."

मीठ तुम्हाला कळतं. पूर्वीइतकंच कळतं. मिठाला नाक लागत नाही, हे मी तुम्हाला फेब्रुवारीत लिहिलं आणि तुम्ही ते नीट वाचलंत, म्हणून तर नेमका तोच प्रश्न निवडलात, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मी "बरोबर" म्हटलं की तुम्ही म्हणणार, मग, मी म्हणत नव्हतो? विचारल्यासारखं करायचं आणि विचारायचं नाही. गिऱ्हाइकाला तुम्ही असंच खेळवता, मी लहानपणापासून काउंटरच्या या बाजूनं बघत आले आहे.

तर मीठ बरोबर आहे. अभिनंदन.

मांस ताजं आहे. ते मशीनकाकांनी तपासलं असणार, आणि तुम्ही तपासू दिलंत, त्याबद्दल मात्र मनापासून आभार. हे मी चिडवायला लिहीत नाही.

धणे नाहीतच. जिरं खूप आहे.

आई सांगत होती की तुम्ही रोज सकाळी मसाल्याच्या खोलीत पूर्वीपेक्षा जास्त वेळ असता. मी विचार करते, तुम्ही आत काय करत असाल. बरण्या उघडता आणि बंद करता. जीभ लावून बघता. जिऱ्याचा कडवटपणा, बडीशेपेचा गोडवा जिभेवर शोधता. तुम्ही ते तुमच्या पद्धतीनं पुन्हा शिकायला बघताय, एकट्यानं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. मला तुमचा अभिमान वाटतो, आणि मला तुमचा इतका राग येतो की हातातला कांदा मी आज गरजेपेक्षा फारच बारीक चिरला.

मी उद्धट मुलगी आहे. तुम्ही मला शाळेत घातलंत तेव्हा बाईंना सांगितलं होतंत, "हिला कळलं नाही तर ही विचारत राहील, कंटाळू नका." मी तेवढंच शिकले: कळलं नाही तर विचारायचं. लाज वाटली तरी विचारायचं. तुमच्याकडून दुसरं काही मागत नाही. जे तुम्हाला कळत नाही, ते मला विचारा.


९ मे

तीर्थरूप बाबा,

यावेळी सॉसेज नव्हतं. पाकिटात दोन पुड्या होत्या, जुन्या पेपरच्या, औषधाच्या पुड्यांसारख्या घडी घातलेल्या. एकीवर पेन्सिलनं एक, दुसरीवर दोन. आणि चिठ्ठीवर: "एक कुठली, दोन कुठली? कळव. तोवर थांबलोय."

मी दुपारच्या गडबडीत मधेच बाहेर जाऊन पायरीवर बसले. हवालदार ओरडल्या नाहीत. हात धुतले, साबणाचा वास जाईपर्यंत पाण्याखाली धरले, मग एक नंबर उघडली. हुंगली. चिमूट तळहातावर चोळून पुन्हा हुंगली. मग दोन नंबर. मग थोडं थांबून, मोकळी हवा घेऊन, उलट्या क्रमानं. मग आत जाऊन दोन्ही वेगवेगळ्या तव्यांवर किंचित गरम केल्या. हवालदारांना डोळे मिटायला लावून त्यांनाही विचारलं, माझं उत्तर न सांगता.

दोन्ही जिरं आहे, बाबा.

एक पण जिरं, दोन पण जिरं. धणे कुठल्याच पुडीत नाहीत. तुम्ही दोन वेगळ्या बरण्यांतून काढलं असेल तर कुणीतरी, म्हणजे तुम्हीच, धण्याच्या बरणीत जिरं भरून ठेवलं आहे, आणि गेल्या पार्सलातले धणे कुठे गेले त्याचं उत्तर तेच आहे.

पण मसाला विकायला येणाऱ्या दलालांना तुम्ही असंच पारखायचात हेही मला आठवतं. एकाच बरणीतल्या दोन पुड्या करून पुढे ठेवायच्या आणि विचारायचं, यातली चांगली कुठली? जो एकीची तारीफ करायचा त्याला चहा पाजून परत पाठवायचात. तेव्हा मला ठरवता येत नाहीये की तुम्हाला खरंच कळलं नाही, की तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी दोन दिवस यावर विचार केला. मशीनकाकांना विचारावं असंही वाटलं. विचारलं नाही. हे आपल्या दोघांतलं आहे.

परीक्षा असेल तर मी पास झाले, आणि खोली माझी.

परीक्षा नसेल, तर तुम्ही मला ते विचारलंत जे तुम्हाला कळत नव्हतं, आणि तरीही खोली माझीच. पण एकटीची नाही. मिसळायचं तुम्ही, कारण मुठीतलं प्रमाण तुमच्याइतकं अजून कुणाला नाही, मला तर नाहीच. मांसाला नाक मशीनकाकांचं आणि माझं. चाखणी माझी. हे गिऱ्हाइकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा; मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन. प्रयोगशाळेचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही. आईला शेजारी काय सांगायचं ते मी स्वतः तिच्याबरोबर जाऊन सांगेन.

हवालदारांना मी काल सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा. आणि त्या म्हाताऱ्याला सांग, मिरीच्या बाबतीत तो बरोबर आहे."

गुरुवारी सकाळी पावणेसातला दुकानात पोचते. मांस आलेलं असेल तर थंडीत ठेवा. आतडी भिजत घाला. मिश्रण करून तवा तापवायला हरकत नाही. पण मी एक घास खाल्ल्याशिवाय मशीनकाकांना बटणाला हात लावू देऊ नका, आणि तुम्हीही "हं" म्हणू नका.

तुमची मुलगी